साहेबांचा कप

तक्रार तिसऱ्यांदा आली, तेव्हा अन्न निरीक्षकांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेच हॉटेल, तोच तक्रारदार, तेच टपोरं अक्षर. फरक एवढाच, की या वेळी अर्जामागोमाग अर्जदारही आला होता आणि समोरच्या डुगडुगत्या खुर्चीत धापा टाकत बसला होता.

निरीक्षक माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवायला हवं. उभ्या नोकरीत त्यांनी कोणाचं काही खाल्लं नाही. हॉटेलवाल्याने आग्रह केला तर कपभर चहा, बस्स. पण थकले होते बिचारे. भागात दीडशे हॉटेलं, निरीक्षक एक, गुडघे दोन, आणि तेही कुरकुरणारे. निवृत्तीला चौदा महिने उरलेले.

"काका, तुमच्या तक्रारीवर दोनदा जाऊन आलो मी तिथे," ते म्हणाले. "दोन्ही वेळा स्वयंपाकघर लख्ख. हा बघा माझा शेरा. समाधानकारक."

"आणि दोन्ही वेळा तुमच्या शेऱ्यानंतर मी आजारी पडलो," म्हातारा म्हणाला. "परवा तर सलाईन लावलं. हा बघा हात."

हात काळानिळा पडला होता.

म्हातारा म्हणजे निवृत्त पोस्टमन. बायको गेलेली, मुलगा परगावी. दोन्ही वेळचा डबा त्याच हॉटेलातून यायचा.

"मग डबा बदला की."

"तीन जिने चढून दारात डबा आणणारं तेवढं एकच हॉटेल आहे, साहेब. माझे पाय पत्रं वाटण्यात गेले. म्हणूनच सांगतो, ते बंद करू नका हो! बंद केलंत तर मी खाऊ काय? फक्त धड करायला लावा."

निरीक्षकांनी सुस्कारा सोडला आणि फोन उचलला. "ठीक आहे. उद्या अकराला येतो म्हणून कळवतो."

"कोणाला?"

"मालकाला. तो जागेवर नसला तर कागदावर सही कोण करणार? फुकटचा हेलपाटा पडतो."

म्हातारा त्यांच्याकडे बघतच राहिला. मग हसायला लागला, हसता हसता त्याला ठसका लागला.

"साहेब, छत्तीस वर्षं टपाल वाटलं मी. पत्र घेऊन येतोय, असा आधी निरोप नाही धाडला कधी कोणाला. म्हणून तर माणसं जशी असतील तशी दिसली मला. बनियनवर, भांडताना, रडताना. तुम्ही सांगून जाता, तर तुम्हाला पाहुण्यांसाठी आवरलेलं घर दिसणार, दुसरं काय? तुम्ही बघता ते अकराचं हॉटेल. मी जेवतो ते एकचं!"

निरीक्षकांना राग आला. वीस वर्षं नोकरी करणाऱ्याला कोणी नोकरी शिकवली की येतोच. पण त्यांनी फोन खाली ठेवला. घड्याळात पाऊण वाजला होता.

"रिक्षा खाली थांबवून ठेवलीय," म्हातारा काठी टेकत उठला. "चला. पण पुढच्या दाराने नाही हं. टपाल मागच्या दाराने जायचं."

मागच्या बोळात पाऊल ठेवताच निरीक्षकांनी रुमाल नाकाला लावला. दाराशीच एक मोठा निळा टब होता. त्यात ताटं, वाट्या, कप, सगळं एकत्र बुचकळलं जात होतं. पाण्यावर तेलाचा जाड थर. आत ओट्यावर भाजीची पातेली उघडीच, आणि ज्या फडक्याने टेबलं पुसून झाली त्याच फडक्याने एक जण ताटं पुसत होता. टबाशी बसलेल्या बाईंनी मान वर केली.

"अगबाई, पोस्टमनकाका! डबा नाही पोचला का?"

"पोचेल गं. हे माझे ओळखीचे, सहज आलेत." म्हाताऱ्याने निरीक्षकांकडे बोट केलं. "पाणी कितीदा बदलतेस गं?"

"सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. गरम पाण्याचा नळ दोन महिने बंद आहे. मी तरी काय करू?"

नऊ वर्षं त्या तिथे भांडी घासत होत्या. नऊ वर्षं निरीक्षक तिथे तपासणीला येत होते. आणि दोघांनी एकमेकांचं तोंड आज पहिल्यांदा पाहिलं!

"मावशी," निरीक्षकांनी हळूच विचारलं, "तपासणीला साहेब येतात तेव्हा तुम्ही कुठे असता?"

"घरी! साहेब येणार म्हटलं की मालक आदल्या दिवशीच सांगतात, उद्या येऊ नकोस. टब गच्चीवर नेऊन ठेवतात."

निरीक्षकांनी भिंतीकडे पाहिलं. वरच्या फळीवर पिशवीत गुंडाळलेला एकच कप होता. निळ्या काठाचा. तो त्यांनी तत्काळ ओळखला. प्रत्येक तपासणीनंतर ते त्यातच चहा प्यायले होते.

"तो वेगळा का ठेवलाय?"

"त्याला हात लावू नका हं, दादा! साहेबांचा आहे तो. उकळत्या पाण्याने धुवून ठेवतात."

"आणि बाकीचे?"

मावशींनी टबाकडे बघितलं.

निरीक्षकांना लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण कोणाचं काही खाल्लं नाही, या अभिमानावर त्यांनी वीस वर्षं काढली होती. आणि इथे त्यांच्या वाट्याची स्वच्छता फळीवर बाजूला काढून ठेवलेली, अन् उरलेलं सगळं म्हाताऱ्याच्या डब्यात!

तेवढ्यात मालक धावत आला. "साहेब! अहो, फोन तरी करायचात!"

"तेच चुकत आलं माझं," निरीक्षक म्हणाले.

"एकच्या गर्दीत कुठे एवढं बघणार, साहेब? दोनशे माणसं येऊन जातात. आणि तुम्हाला कधी काही कमी पडू दिलं का?"

निरीक्षकांनी कप फळीवरून उतरवला आणि मालकाच्या हातात दिला.

"हा कसा धुतलात?"

"हा? गरम पाणी, साबण... मग पुन्हा गरम पाणी."

"म्हणजे येतं तुम्हाला! कसं धुवायचं ते चांगलं ठाऊक आहे. फक्त कोणासाठी धुवायचं, ते तुम्ही ठरवून टाकलंत. आणि मी चहा पिऊन त्याला होकार दिला."

मालकाने कप परत फळीवर ठेवला.

नळ दुरुस्त होऊन टब जाईपर्यंत स्वयंपाकघर बंद, अशी नोटीस निरीक्षकांनी तिथेच उभ्याने लिहिली. "आणि मावशींना यापुढे माझ्या नावाने सुट्टी नाही. मी येईन तेव्हा त्या मला इथे दिसल्या पाहिजेत." अहवालात त्यांनी आणखी एक ओळ घातली: या तक्रारीवरच्या आधीच्या दोन्ही तपासण्या मी फोन करून केल्या, ते शेरे रद्द समजावेत.

"निवृत्तीच्या तोंडावर स्वतःच्याच शेऱ्यावर काट मारताय?" अहवाल वाचून वरिष्ठांनी विचारलं.

"हो," निरीक्षक म्हणाले.

स्वयंपाकघर तीन दिवस बंद राहिलं. ते तीन दिवस तीन जिने चढून, गुडघ्यांना शिव्या घालत, निरीक्षकांनी आपल्या घरचा डबा म्हाताऱ्याच्या दारात पोचवला. कोणी सांगितलं नव्हतं. पण म्हाताऱ्याने अगदी बरोबर विचारलं होतं ना, मी खाऊ काय?

पुढच्या आठवड्यात बरोबर एक वाजता ते मागच्या बोळात उभे होते. कोणाला न कळवता. टब गेला होता, नळाच्या पाण्याला वाफ येत होती, मावशी जागेवर होत्या. मालकाने सवयीने फळीकडे हात नेला.

"तो नको," निरीक्षक म्हणाले. "मावशी, आत्ता धुतलेल्यातला कुठलाही द्या."

मावशींनी दिला. एक क्षण कप ओठाशी थांबला, खोटं कशाला बोला! मग ते चहा प्यायले. सगळा.

मंडळी, दीडशेतलं हे एक हॉटेल झालं. उरलेल्यांकडे जायला निरीक्षक अजून एकटाच आहे आणि त्याचे गुडघे तेच आहेत. त्याला डोळे हवेत, ते तुमचे-माझे. बाहेर पडल्यावर नाकं मुरडून काही होत नाही. म्हाताऱ्यासारखं कागदावर लिहा, खाली नाव घाला, पत्ता घाला, आणि उत्तर पटलं नाही तर तिसऱ्यांदा जा. आणि आपल्यासाठी कोणी वेगळा, स्वच्छ कप पुढे केला, तर खूश होण्याआधी एवढंच विचारा: बाकीचे कशात धुता?