हुकाचं टायमिंग

दवाखान्याचे चाळीस पांढरे कोट परवा द्यायचे होते आणि शिंपीणबाईंचं मशीन टाके सोडत होतं. त्यांनी सुई बदलली, बॉबिनखालची लव ब्रशने झाडली, धाग्याचा ताण कमीजास्त करून पाहिला. फरक शून्य.

मेकॅनिककाका मुलीकडे बाहेरगावी गेले होते, चार दिवसांनी येणार होते. हुकाचं, म्हणजे सुईखाली धागा पकडणाऱ्या आकड्याचं, टायमिंग सरकलं असणार, असं त्यांनी फोनवरच सांगितलं, आणि त्याला हात लावू नका असंही बजावलं. बाईंचा नवरा म्हणाला, दवाखान्याकडून मुदत मागून घे, आहे त्याचा आणखी विचका नको.

बाईंना ते पटेना. अकरा वर्षं काका मशीन उघडत, तेव्हा त्या शेजारी टॉर्च धरून बसत आल्या होत्या. सुई तळाशी जाऊन जराशी वर आली, की हुकाचं टोक नेढ्याच्या किंचित वरून जायला हवं, हे त्यांना पाठ होतं.

स्क्रू सैल करण्याआधी त्यांनी फोटो काढून ठेवला. फसलं तर निदान होतं तिथे आणता येईल. पहिल्या खेपेला सुई मोडली. दारात उभा असलेला नवरा आत निघून गेला. ते त्यांना लागलं. दुसऱ्या खेपेला टाके बसले, पण अधूनमधून सुटत राहिले. मग त्यांनी हूक केसभर पुढे घेतला, स्क्रू आवळले आणि चिंधीवर हातभर शिवण मारली. एक टाका सुटला नाही. चिंधी घेऊन त्या आत गेल्या आणि नवऱ्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवून आल्या.

कोट वेळेवर गेले. काका आले तेव्हा त्यांनी मशीन कलतं केलं, चाक हाताने फिरवत बराच वेळ पाहिलं.

"हे कुणी बसवलं?"

"मी. पण मोटरमधून जळका वास येतोय. ती मी उघडली नाही, ते काम तुमचं."

काकांनी मोटरची वायर बदलली, हुकाला मात्र हात लावला नाही. निघताना त्यांनी विचारलं, "ताई, मी गावाला असलो की टाके सुटण्याची कामं तुमच्याकडे पाठवू?"

बाई हो म्हणाल्या, अगदी शांतपणे. पण काका जिना उतरायच्या आतच नवऱ्याने शेजारच्या इस्त्रीवाल्याला हाक मारून सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायला घेतली होती. मोडलेली सुई तेवढी त्याने गाळली.