लूनावर बसलेली दाढी

मित्रांनो, मी एक पांढरी दाढी आहे. वयाने जुनी आहे, पण आजवर कुणाच्याही हनुवटीवर उगवलेली नाही. पुण्याच्या एका रंगभूषाकाराने बारीक जाळीवर एकेक केस ओवून मला बनवले. केस याकच्या शेपटीचे होते. म्हणजे माझी सुरुवात शेपटी म्हणून झाली आणि पुढे मी तोंडाशी आले. अशी बढती फार थोड्यांना मिळते.

भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात महाराष्ट्रातून आलेली बरीच मंडळी होती. त्यांनी वसाहतीत मराठी मंडळ काढले आणि गणपतीतल्या नाटकांसाठी मला मागवून घेतले. मी भीष्म केला, वसिष्ठ केला. एका प्रवेशात दोन ऋषी होते आणि दाढी एकच. मग एक ऋषी बोलून आत जायचा, मला काढून दुसऱ्याला चिकटवायचे, आणि तो बाहेर येऊन पहिल्याला उत्तर द्यायचा. प्रेक्षकांना वाटले, दोघांचे बोलणे बंद आहे. टाळ्या मात्र कडाडून पडल्या.

पुढे घरोघरी टीव्ही आले आणि नाटके थांबली. सात वर्षे मी एका लाकडी गदेशेजारी, डांबरगोळ्यांच्या वासात पडून होते. गदा फारशी बोलत नसे.

मग मंडळातल्या बायकांनी ठरवले की बड्या दिवशी, म्हणजे पंचवीस डिसेंबरला, एक मेळावा करायचा. भोपाळच्याच अयोध्या नगर भागात तेव्हा घरे बांधली जात होती. ती बांधणाऱ्या मजुरांच्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना बोलवायचे, पोहे-जिलबी द्यायची, खेळ घ्यायचे, खाऊच्या पुड्या वाटायच्या. सांताक्लॉज हवाच. कारखान्यात नकाशे काढणारे अच्युतराव पूर्वी भीष्म करायचे, तेच उभे राहिले. मला पेटीतून काढून उन्हात झटकले तेव्हा मी आनंदाने शिंकणार होते, पण नाक त्यांचे होते.

अच्युतरावांना प्रॉम्प्टरशिवाय एक वाक्य येत नसे. त्यामुळे शाळेत शिकवणाऱ्या, मूळच्या इंदूरच्या सिंधूताई बादलीत खोचलेल्या अशोकाच्या फांदीमागे वही घेऊन बसायच्या. फांदी हेच आमचे ख्रिसमसचे झाड. अच्युतरावांचा आणखी एक कडक नियम होता: रंगलेला नट रस्त्यावर दिसता कामा नये. एकदा मी चिकटले की ते चहालासुद्धा दाराबाहेर जात नसत.

पहिल्याच वर्षी श्याम नावाचा चार वर्षांचा मुलगा मला पाहून असा रडला की त्याची बहीण सरोज त्याला उचलून बाहेर घेऊन गेली. त्याची पुडी तशीच राहिली. मी खूप शरमले. भीष्म असताना मला पाहून फक्त पांडव घाबरायचे.

दुसऱ्या वर्षी सरोज एकटीच आली. आठ-नऊ वर्षांची असेल. अच्युतरावांनी पुडी पुढे केली, तिने हात मागे घेतले.

"मेरा बाद में. पहले श्याम के पास चलो. पाँव में पलस्तर है उसके."

मग सगळे कळले. वर्षभर वस्तीतली मुले श्यामला 'दाढी से डरा' म्हणून चिडवत होती. त्याने ठरवले होते की या बड्या दिवशी दाढीला हात लावायचा आणि रडायचे नाही. त्यासाठी तो रोज शेजारच्या बकरीची दाढी धरून सराव करत होता. बकरीने दहा दिवस सहन केले. अकराव्या दिवशी तिने ढुशी दिली, श्याम कोरड्या पाटात पडला आणि त्याचा पाय मोडला.

"मैंने उसको बोल दिया है," सरोज म्हणाली, "कि लाके रहूँगी."

अच्युतरावांनी फांदीकडे तोंड करून कुजबुजत विचारले, "सिंधूताई, पुढचं वाक्य?"

"पुढचं वाक्य नाहीये," फांदी म्हणाली. "चपला घाला."

"रंगलेल्या तोंडाने? रस्त्यावरून?"

"मग काय तोंड इथे ठेवून येणार? बारा वर्षं भीष्म केलात अच्युतराव, एक प्रतिज्ञा मोडली तर काही बाण नाही लागत."

सिंधूताईंकडे लूना मोपेड होती, ती त्यांनीच चालवली. मध्ये सरोज, मागे अच्युतराव. दाढ्या चिकटवायच्या स्पिरिट गमची बाटली वाळून गेल्यामुळे त्या दिवशी मला ऑफिसातल्या डिंकाने चिकटवले होते, तो लिफाफ्यांसाठी असतो. वारा लागताच मी फडफडू लागले. अच्युतरावांनी मला दोन्ही हातांनी धरले, आणि सरोजने मागे हात करून अच्युतरावांना धरले. चढावर लूना दमली. सगळे उतरून तिला ढकलू लागले, तेव्हा एका सायकलवाल्याने विचारले, "बाबा, पंचर है क्या?" अच्युतराव भूमिका सोडणारे नव्हेत. ते म्हणाले, "हो हो हो."

झोपडीबाहेर बकरी बांधलेली होती. तिच्यासमोर मला जरा अवघडल्यासारखे झाले. तिची दाढी स्वतःची होती.

श्याम खाटेवर बसला होता. त्याची आई निर्मला चुलीपासून उठून दारात थांबली. मला पाहताच श्यामचा खालचा ओठ थरथरला.

"रोना मत," सरोज त्याच्या कानाशी म्हणाली. "बकरी समझ."

त्याने हात पुढे केला. बोटे माझ्यात रुतली. तो रडला नाही. मग त्याने तेच केले, ज्याचा सराव झाला होता. त्याने मला ओढले.

डिंक तो, सुटला. मी सबंध त्याच्या मुठीत.

निर्मलाने तोंडावर हात ठेवला. अच्युतरावांची उघडी हनुवटी लाल झाली होती, तिच्यावर डिंकाच्या तारा लोंबत होत्या. त्यांनी सिंधूताईंकडे पाहिले. सिंधूताईंच्या हातात वही नव्हती.

श्यामने माझ्याकडे पाहिले, मग त्या हनुवटीकडे. दुसरा हात हळूच तिच्यावर ठेवला.

"बाबा, दुखा?"

शरपंजरी पडून पानेच्या पाने बोलणाऱ्या अच्युतरावांना एकच शब्द सुचला, तोही जेमतेम.

"थोड़ा."

श्यामने हनुवटीवर फुंकर घातली. त्याच्या पायाच्या प्लास्टरवर आई घालत असावी, तशी. मग त्याने मला परत चिकटवले. उलटे. माझे केस अच्युतरावांच्या नाकात गेले, पण त्यांनी मला सरळ केले नाही. तसाच त्यांनी निर्मलाच्या हातचा चहा प्यायला. तेव्हा कुठे सरोजने आपली पुडी मागून घेतली, उघडली आणि पहिला लाडू भावाला न देता स्वतः खाल्ला.

मित्रांनो, त्या ओढाताणीत माझे बरेच केस श्यामच्या मुठीत राहिले. मधोमध मी आता विरळ आहे. जुन्या वस्तू जपा, असे आम्ही जुन्या वस्तू नेहमी सांगतो, तेव्हा मीही सांगते. डांबरगोळ्या ठेवा, ऊन दाखवा. पण पेटीला कुलूप घालू नका. कुठे मी दिसले तर खुशाल हात लावा. ओढावीशी वाटली तर ओढासुद्धा. फक्त नंतर एकदा विचारा, दुखले का म्हणून.