नवी चप्पल आणि अकरा मिनिटं

मित्रांनो, आयुष्यभर दुसऱ्याच्या खांद्यावर बसून जग पाहिलेला मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. आता कपाटावर पडून असतो. दुपारचं ऊन काचेवर आलं, की मला गुंगी येते आणि माझ्यातून गेलेले सगळे चेहरे संथ तरंगत परत येतात. फार बरं वाटतं.

माझे मालक मास्तर. लग्नाचं शूटिंग करावं तर त्यांनीच, असं लोक म्हणत. एडिटिंग त्यांची बायको करी; त्यांना सगळे कात्रीबाई म्हणत. मास्तरांचा हात इतका स्थिर, की मला झोप यायची. पण एका लग्नात तो हात चुकला. लाल बटण एकदा दाबलं की मी सुरू, पुन्हा दाबलं की बंद. मास्तरांनी गडबडीत ते एकदा जास्त दाबलं आणि सगळंच उलटं झालं. खांद्याला लटकत मी अकरा मिनिटं फरशी आणि चपला टिपत राहिलो, आणि नवरी निघाली तेव्हा ढाराढूर झोपलो होतो. त्याची मला अजून लाज वाटते.

"या चपलांचं काय लोणचं घालायचंय?" मास्तर चिडून म्हणाले.

कात्रीबाईंनी हेडफोन लावून ऐकलं. "असू दे. यात माणसं बोलतायत. पुसायला माझा हात होत नाही."

ती टेप डब्यात गेली. बाकीच्या फिल्मवर, तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे, पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणी चढली. पुढे तळहाताएवढे कॅमेरे आले आणि मी अडगळीत गेलो. माझ्यावर साधी फुंकर मारायलाही कोणी येईना.

एका सकाळी तीच नवरी आली. केस पिकू लागले होते.

"काकू, बाबा गेले. लग्नाच्या फिल्ममध्ये दिसतात, पण आवाज कुठंच नाही हो. सगळीकडे गाणीच. तुमच्याकडे काही उरलंय का?"

कात्रीबाईंचा चेहरा उतरला. गाणी त्यांनीच चढवली होती. मग त्यांना तो डबा आठवला.

ती टेप चालवू शकणारा आता मी एकटाच होतो, आणि माझ्या पोटात बोटभर धूळ. मास्तरांनी मला आतून हळुवार पुसलं. "एकदाच चालवू. म्हातारा टेप खाईल की काय, भीती वाटते. सोबतच कॉपी होऊ दे."

मी जीव मुठीत धरून फिरू लागलो. पडद्यावर फरशी आली. खुर्च्यांचे पाय आले. मग एक नवी चप्पल, आणि तिच्यापाशी वाकलेले दोन हात.

"चावतेय का गं?"

"बाबा, उठा ना. सगळे थांबलेत."

"थांबू देत. त्यांना कुठं चालायचंय? कापूस घालतो जरासा. हं, टाक पाऊल. आता दुखतं का?"

पडद्यासमोर बसलेल्या बाईने मान हलवली. "नाही बाबा," ती म्हणाली.

कॉपी पूर्ण झाली आणि माझी मोटर बंद पडली, ती कायमची. मला त्याचं काही वाटत नाही. मित्रांनो, जुन्या यंत्रांवरची धूळ अधूनमधून पुसत जा, आणि चुकून टिपलेलं काही पुसण्याआधी एकदा कान देऊन ऐका.

मास्तर अजूनही मला कधीतरी खाली काढतात. काच पुसतात आणि सवयीने लाल बटण दाबतात. मोजून एकदाच.