खारातला सुरण

"कुणाला खरं वाटायचं नाय जगन, पण आपल्या खारवट शेतात सुरण धरलाय!" काळुराम धाकट्या भावाला म्हणाला. जगन घर सोडून धाटावच्या कंपनीत कामाला निघाला होता. तो गेला की धरमतर खाडीच्या भरतीपुढे एकट्या काळुरामकडून शेताचा बांध टिकणार नव्हता.

"रोह्याला मामाच्या तांबड्या मातीत ह्युमिक खतानं सुरण घागरीएवढा झाला. तेच खत मी हितं घातलं, तर आपला सुरण बांधाला टेकू देऊन बसलाय! उधाण आलं की फुगतो, पाणी मागं सरतं."

जगनने पिशवी खाली ठेवली. काळुरामच्या जिवात जीव आला. जगनने वाकून शेतातलं ढेकूळ उचललं, जिभेला लावलं आणि थुंकला.

"दादा, खोटं बोलतोस. निस्तं मीठ हाय, पाणी कुठं मागं सरलंय?"