ब्रदर सेनेनना दिसलेली नाणी

बास्केटबॉलच्या मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर गुपितं ओळखणारे म्हणून गाजलेले ब्रदर सेनेन डोळे मिटून उभे होते आणि समोर मोतीबिंदूने जवळजवळ आंधळ्या झालेल्या लिगायाबाई.

“नानाय, माउली, तुमच्या मोबाइलमध्ये गुप्त नाणी आहेत. बाराशे साठलीत. समुद्रावरून येतात, दर महिन्याला. लेकीलासुद्धा सांगितलं नाहीत तुम्ही.”

गर्दीने छातीवर क्रूस काढले. जहाजावरचा मुलगा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ती डिजिटल नाणी पाठवायचा, पण सुरीच्या भीतीने लिगायाबाईंनी ते लेकीपासून लपवलं होतं. ब्रदरनी सुरीचाच काटा काढला. सगळी नाणी बाळ येशूच्या चरणी वाहा, नजर आपोआप येईल.

आईजवळच उभी असलेली लेक डेलफिना शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. आईने आपल्यापासून लपवलं हे तिला लागलं, पण रडायला वेळ नव्हता. गेल्या रविवारी दान कसं दिलंस, एवढंच तिने विचारलं. मेणबत्त्यांपाशी क्यूआर कोड होता, आईने सांगितलं. ब्रदरांच्या सेवकाने प्रार्थनेसाठी नाव विचारलं आणि आईच्या मोबाइलवरून एक नाणं वाहून दिलं.

डेलफिना तडक व्यासपीठावर चढली. या नाण्यांचा सगळा व्यवहार जगाला उघडा असतो, ती म्हणाली. ती ज्या डिजिटल पाकिटात असतात त्यावर नाव नसतं, एवढंच. ते आईने सेवकाला सांगितलं, आणि बचतीच्याच पाकिटातून दान दिलं. मग त्यात किती नाणी आहेत आणि दर महिन्याला कधी येतात, ते कुणालाही वाचता येतं; आणि लेकीला माहीत असतं तर ऑपरेशन कधीच झालं असतं. राहिला समुद्र. निम्म्या गावाची पोरं जहाजावर असताना त्याला कसला अंतर्ज्ञानी लागतो?

मग तिने ब्रदरांचंच पाकीट वाचून दाखवलं. दानाची नाणी दर रविवारी दुपारी, नाण्यांचे रोख पैसे करून देणाऱ्या एका कंपनीत जात होती. खातं कुणाचं, ते कंपनी पोलिसांनाच सांगेल, तेही कधीतरी.

“म्हणजे तुलाही दिसायला लागलं,” पुढच्या रांगेतली म्हातारी भक्तीने म्हणाली.

“वाण नाही पण गुण लागला,” ब्रदर हसले.

डेलफिनाने मोबाइल आईच्या डोळ्यांसमोर धरला.

“मला काय दिसतंय त्यात, बाळा?” लिगायाबाई म्हणाल्या. “त्यांनी तर डोळे मिटून सांगितलं.”

लिगायाबाईंनी आपला मोबाइल सेवकाच्या हाती दिला. डेलफिना आईचा हात धरायला धावली, पण गर्दीने तिलाच धरून ठेवलं. तिच्या पडद्यावर बाराशे नाणी आईच्या पाकिटातून निघाली. साऱ्या जगाला दिसत होती आणि कुणालाच परत आणता येत नव्हती.

लिगायाबाई अजून नजरेची वाट पाहत आहेत. तुम्ही तरी, कुणी तुमचं गुपित ओळखलं तर हात जोडण्याआधी विचारा, हे याला सांगितलं कुणी? बहुतेक वेळा आपणच सांगितलेलं असतं.