मॅलकीने परत केलेला लिफाफा

माझा नवरा मॅलकी आमच्या गावचा गोलकीपर. हर्लिंग म्हणजे आमचा आयरिश काठी-चेंडूचा खेळ; त्याच्या सेमीफायनलला शेजारच्या गावच्या फेस्टसची काठी त्याच्या उजव्या हातावर बसली, दोन बोटं मोडली आणि आम्ही हरलो. इकडे कापायला आलेलं गवत उभं. पावसाआधी त्याच्या गंज्या लागल्या नाहीत तर हिवाळ्यात गायींना घालायचं काय? एक गाय विकावीच लागणार होती.

सोमवारी क्लबचा सेक्रेटरी टाइग आला. टोपी काढून त्याने टेबलावर लिफाफा ठेवला. "गावाने जमवलेत, मॅलकी. गवताला माणूस लाव."

मॅलकीने डाव्या हाताने लिफाफा परत सरकवला. "उचल ते. खेळाडूने पैशाला शिवायचं नाही हा आपला नियम. खेळाचे पैसे घेतले तर मला पुन्हा मैदानात उतरता येईल का?"

"कोणाला कळणारे?"

"मला कळेल की!"

टाइग गेला आणि माझं डोकंच फिरलं. "अरे, तुमचा खेळ दाखवून क्लबवाले फाटकावर तिकिटाचे पैसे घेतात ते चालतं! गायीपुढे काय आता नियमांचं पुस्तक टाकू?"

तो खिडकीतून गवताकडे बघत राहिला. हट्टी मेला! त्या दिवशी मी त्याला जेवायला वाढलं तेही आदळआपट करून.

बुधवारी सकाळी दारात फेस्टस, खांद्यावर लांब दांड्याचा विळा. "मॅलकीदादा, हात माझ्यामुळे मोडला. गवत मी कापतो."

"क्लबने पाठवलं का?"

"आईने. म्हणाली, गवत झाल्याशिवाय तोंड दाखवू नकोस."

चार दिवस पोरगा राबला. मॅलकी एका हाताने गवत उलटायचा, त्याला शिव्या घालायचा आणि मधेच दोघं खो खो हसायचे. शनिवारी दुपारी शेवटची गंजी लागली आणि तासाभरात पाऊस आला.

फेस्टस निघाला तेव्हा मी त्याच्या खिशात एक नोट कोंबली. त्याने ती बाहेर काढली. कानापर्यंत लाल झाला.

"वहिनी, मी मजुरीला आलो होतो का?" नोट टेबलावर ठेवून तो पावसात चालू लागला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅलकी बघत होता. मी तशीच भिजत रस्त्यावर धावले.

"फेस्टस! चुकलं माझं. जेवून जा रे. आणि उद्या फायनलला मी तुमच्या बाजूने ओरडणार आहे."

तो थांबला. "दादाला चालेल?"

"त्याला विचारतंय कोण!" मी म्हणाले आणि हाताला धरून त्याला घरात आणलं.