पानाच्या डब्याला नमस्कार

पद्मनाभनं पायाखालचं बटण दाबलं, तार छेडली, आणि गिटार खणखणीत कानडीत ब्याडगी मिरचीचे भाव सांगायला लागली.

तालमीला जमलेली मंडळी पोट धरून हसली. ढोलकीवाला पुंडलिक म्हणाला, "पद्या, कांद्याचं पण विचार की तिला!"

ऑर्केस्ट्राचे मालक विठ्ठलराव मात्र हसले नाहीत. "हे काय रे?"

"धारवाडचा रेडिओ घुसला अण्णा. साबणाच्या पेटीत बसवलंय ना सगळं, प्लास्टिक अडवत नाही. धातूची पेटी पाहिजे."

"पाहिजे ते कर. पण या गणपतीत तुझी गिटार ऐकू आली नाही, तर तुझ्या जागी अकॉर्डियनवाला घेणार. सांगून सोडलो बघ!"

दिवसभर कचेरीत मान मोडून कारकुनी करायची ती संध्याकाळच्या गिटारसाठी. पण पुंडलिकची ढोलकी सुरू झाली, की ती गिटार म्हणजे लग्नघरातला डास. म्हणून पद्मनाभनं आवाज चढवायचं यंत्र घरीच जुळवलं होतं. मेलेल्या रेडिओतला ट्रान्झिस्टर, आणि भंगारातल्या अँबॅसडर गाडीच्या दिव्यांचा डिपर, तो पायानं दाबायचा असतो ना, तो.

आता पेटी. बिस्किटांचा डबा पहिल्याच लाथेला चपटा झाला. मग त्याची नजर गेली आत्याच्या पितळी पानाच्या डब्यावर. अंबूताईंचा माहेरचा डबा तो! चोर आला तर तिजोरीची किल्ली देतील, पण हा डबा नाही.

"आत्या, डबा देतेस?"

"कशाला?"

"पाय द्यायला."

अंबूताईंचा सुपारी कातरता हात थांबला. "अय्यो शिवा! लक्ष्मीला लाथ मारतोस होय रे?"

पद्मनाभनं सगळं सांगितलं. मिरची, अकॉर्डियन, सगळं. अंबूताईंनी तोंडातलं पान गालात सारलं. मग डबा रिकामा करून त्याच्यापुढं सरकवला.

"घे. पण पाय लागला की नमस्कार करायचा. दर वेळी. मी समोरच बसणार, ध्यानात ठेव. आणि ती साबणाची पेटी इकडं दे, पानं कुठं ठेवू मी?"

गणपतीत हुबळीच्या लॅमिंग्टन रोडला मांडव खच्चून भरला. पद्मनाभची पाळी आली, त्यानं डबा दाबला आणि तार ओढली. काय सांगू! रायापूरची म्हैस दावं तोडून पळाली. अळणावर स्टेशनात गार्डाची शिट्टी समजून ड्रायव्हरनं गाडी सोडली. पटत नसेल तर त्या म्हशीला विचारा!

पद्मनाभ त्या आवाजात बुडालाच होता, तोवर समोर बघतो तर अंबूताईंचे डोळे वटारलेले. नमस्कार राहिला!

तार वाजत असताना वाकायचं कसं? एरवी हात काढला की सूर मरायचा. पण डब्यानं सूर धरून ठेवला होता. डाव्या हातानं तार दाबून धरून तो तस्सा वाकला, उजवा हात डब्याला लावला, डोळ्यांना लावला, आणि सूर आपला मांडवभर घुमतोच आहे.

शिट्ट्यांनी मांडव उडाला. लोकांना वाटलं, ही नवी स्टाइल! "वन्स मोर" पाच वेळा झाला, नमस्कारही तितकेच. विठ्ठलराव विंगेतून ओरडले, "अकॉर्डियनवाल्याला सांगा, घरी जा म्हणावं!"

दिवाळीपर्यंत हुबळी-धारवाडची सगळी गिटारवाली पोरं वाजवता वाजवता वाकायला लागली. कशाला वाकतो हे एकालाही ठाऊक नाही. पद्मनाभनं कुणाला सांगितलं नाही. अंबूताई मात्र पुढच्या ओळीत बसून साबणाच्या पेटीतनं पान काढायच्या आणि शेजारणीला म्हणायच्या, "घे गं, आंघोळ करून आलंय."

बरीच वर्षं चाललं असं. मग एका गणपतीत पुढच्या ओळीत त्यांची खुर्ची तेवढी होती. तिच्यावर साबणाची पेटी.

पद्मनाभनं डबा दाबला, तार ओढली आणि वाकला. पितळेला अजून काताचा वास होता. पुंडलिकनं ढोलकी थांबवली. सूर वाजत होता तोवर पद्मनाभ उठला नाही, आणि त्या दिवशी सूर फार वेळ वाजला.